विहिरीकाठचा तहानेला प्रभू



घरी आर.ओ. फिल्टर बसवण्याआधी नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मोजून घ्या. भारतीय मानकानुसार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार चालतात. तेवढ्यात असतील तर जंतू मारायला यूव्ही फिल्टर किंवा उकळणे पुरते. खारट बोअरच्या पाण्याला आर.ओ. हवा, पण एक लिटर शुद्ध करताना तो बहुधा दोन-तीन लिटर सोडून देतो.

आपल्या गंगापूर धरणातली गोदावरीच पुढे जायकवाडीला मिळते. मराठवाडाही तिचीच वाट पाहतो. शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागणारा प्रभू तिथेही तहानेला आहे. म्हणून फिल्टरच्या नळीखाली बादली ठेवा. ते पाणी फरशीला, संडासाला वापरा. वाचवलेली बादली हेही दानच आहे.