मधला खटका

पारनेर तालुक्यातलं एक रान. रब्बीची ज्वारी काढून झाली आहे. मातीत धसकटं उभी आहेत.

सकाळची वेळ. ड्रोनची पेटी अजून उघडू नका.

आधी सुप्याच्या बाजूला पाहा. कावड्या डोंगरावर पवनचक्क्या आहेत. पाती फिरताहेत का? किती सावकाश?

एक श्वास घ्या. पुन्हा पाहा.

मग नकाशा. सरकारच्या 'डिजिटल स्काय' या ड्रोन-नकाशावर ही जागा हिरवी दिसली तरच पुढे, आणि तेही ४०० फुटांच्या आत. शिर्डीच्या विमानतळाजवळ, नगरच्या लष्करी हद्दीजवळ रंग बदलतात. तिथे परवानगीशिवाय उडवायचं नाही.

आता बांधावर बसा. पेटी उघडा.

पंखे काढून बाजूला ठेवा. चारही. ते नसताना ड्रोन किती गरीब दिसतो, पाहा.

लॅपटॉप जोडा. ड्रोन चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे अर्डुपायलट. त्याच्या मांडणीच्या पडद्यावर उड्डाणाच्या मोडचे सहा कप्पे दिसतात. रिमोटवर तीन जागांचा एक खटका आहे. डोळे मिटा. बोटानं तो शोधा.

वर. टक्. मध्ये. टक्. खाली.

डोळे उघडा. पुन्हा तेच करा. खटका सरकतो तसा पडद्यावर एकेक कप्पा हिरवा होतो. बहुतेक रिमोटवर पहिला, चौथा आणि सहावा. बाकीचे तीन रिकामेच राहतात. राहू द्या.

पहिल्या कप्प्यात 'स्टॅबिलाइझ' ठेवा. चौथ्यात 'अल्टहोल्ड'. सहाव्यात 'लॉइटर'. घरी परतायचा मोड या खटक्यावर नको. त्याला वेगळा खटका द्या, जो चुकून हलणार नाही.

बोटाला हे तीन आवाज पाठ होईपर्यंत बसून राहा. याला वेळ लागतो. लागू द्या.

पंखे बसवा. ड्रोन मोकळ्या जमिनीवर ठेवा. मागे या. आणखी थोडं मागे.

स्टॅबिलाइझ.

ड्रोन उठतो. या मोडमध्ये त्याला आपला तोल तेवढा कळतो. तुम्ही स्टिक सोडली की तो सपाट होतो. उंची मात्र तुमच्या अंगठ्यात आहे. अंगठा केसभर खाली आला, की ड्रोन खाली येतो.

अंगठ्याकडे लक्ष द्या. तो किती घट्ट दाबलाय? सैल सोडा. श्वास सोडा.

दुसरं काही नको. डोळ्यांच्या उंचीवर थोडा वेळ, एवढंच. वारा त्याला बांधाकडे ढकलतो, तुम्ही परत आणता. पुन्हा ढकलतो, पुन्हा आणता.

नवशिक्यानं थेट लॉइटरपासून सुरुवात करावी, असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. वाऱ्याचा हा रेटा एकदा तरी स्वतःच्या अंगठ्याला कळायला हवा.

खटका सरकवण्याआधी थांबा. थ्रॉटलची, म्हणजे उंचीची, स्टिक कुठे आहे, ते बघा. मधोमध आणा.

आता अल्टहोल्ड.

स्टिक मध्यावर राहिली की ड्रोन आपली उंची स्वतः धरतो. ऐका. पंख्यांचा आवाज एकसारखा होत जातो.

आत एक इवला दाबमापक आहे. एक मीटर वर गेलं की हवेचा दाब सुमारे एक दशांश मिलिबारनं उतरतो. तेवढा फरक त्याला जाणवतो. पंख्यांचा झोत त्याला फसवू नये म्हणून त्यावर स्पंजचा तुकडा लावतात.

तुम्हाला तो दाब जाणवतो का? छातीवर, कानांत? नाही जाणवत. तरी तो आहे. क्षणभर त्याच्यासोबत राहा.

उंची टिकली आहे, जागा नाही. ड्रोन हळूहळू वाहतो आहे. वाहू द्या. मग सावकाश परत आणा.

टक्. लॉइटर.

आता इथेच थांबायचं आहे.

ड्रोन हवेत एका जागी उभा आहे. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून उपग्रहांचे संदेश येताहेत. त्यांवरून तो आपली जागा ओळखतो. होकायंत्रावरून दिशा. दाबमापकावरून उंची.

दोन्ही स्टिक मध्यावर सोडा. पाहत राहा.

नगरच्या माळावर कापशी घार अशीच थांबते. पंख हलत राहतात, डोकं जागचं हलत नाही, नजर खाली गवतात.

ड्रोनकडे नीट पाहा. तो पूर्ण स्थिर नाही. किंचित डावीकडे कलतो, सावरतो. किंचित मागे, सावरतो. एक पंखा जोर धरतो, दुसरा सोडतो.

पाहा. श्वास घ्या. पुन्हा पाहा.

सावरण्याऐवजी तो गोल फिरू लागला, आणि गोल वाढत गेला, तर होकायंत्र बिघडलं आहे असं समजा. जवळ लोखंड असेल, किंवा आतल्या तारांतला प्रवाह त्याला ओढत असेल. घाबरू नका. टक्. अल्टहोल्डवर या आणि हातानं उतरवा.

तो स्थिर राहिला, तर तुम्हीही राहा.

उतरवा. पंखे थांबू द्या.

आता मान वर करा. या रानातलं सर्वांत उंच काय आहे? बांधावरचा लिंब? विजेचा मनोरा? डोळ्यांनी बुंध्यापासून शेंड्यापर्यंत जा. सावकाश.

परतीच्या मोडमध्ये, म्हणजे आरटीएलमध्ये, ड्रोन आधी ठरलेल्या उंचीवर चढतो आणि मग सरळ रेषेत घरी येतो. अर्डुपायलटमध्ये ही उंची मुळात १५ मीटर असते. ती कुणीतरी दुसऱ्यानं, दुसऱ्या मैदानासाठी ठरवलेली आहे. समोरचं झाड तिला माहीत नाही.

पुन्हा शेंड्याकडे पाहा. त्यावर चांगलं अंतर ठेवा. मग आकडा लिहा.

ड्रोन पुन्हा लॉइटरमध्ये उडवा. थोडा दूर न्या. परतीचा खटका ओढा.

तो वर चढतो. वळतो. येतो. पंखे सुरू करताना जिथे होता, त्याच जागेच्या वर येऊन पाच सेकंद थांबतो.

हे पाच सेकंद तुमचे आहेत. खाली पाहा. जागा मोकळी आहे का? कुत्रं, वासरू, धावत आलेलं पोर?

कुणी असेल तर परतीचा खटका मागे घ्या. लॉइटर पुन्हा लागतो आणि ड्रोन आहे तिथेच थांबतो. पोराला हाक मारा. ते बाजूला होऊ द्या. थ्रॉटल हळूच खाली घ्या.