बुडती नौका आणि तांडेलाचा वाटा

गुहागर तालुक्यातील दाभोळ वीजप्रकल्प २००१ साली बंद पडला, हे रत्नागिरी जिल्हा विसरलेला नाही. त्याची प्रवर्तक असलेल्या अमेरिकेतील एन्रॉन कंपनीने त्याच वर्षी २ डिसेंबरला दिवाळखोरीचा अर्ज केला. तत्पूर्वी अवघ्या काही दिवसांत सुमारे पाचशे निवडक अधिकारी-कर्मचाऱ्यांना साडेपाच कोटी डॉलरच्या आसपास बोनस वाटण्यात आला. अर्जानंतर लगेच सुमारे चार हजार जणांना घरी पाठवण्यात आले. अनेकांची निवृत्तीची पुंजी कंपनीच्याच शेअर्समध्ये होती, तीही बुडाली.

असा बोनस घेणे न्याय्य आहे काय?

समर्थनार्थ म्हटले जाते की, करार झाला होता. शिवाय कर्तबगार माणसे सोडून गेली तर कंपनी सावरणार कोण? हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. करार पाळण्याचा आदेश सूरह माइदाच्या प्रारंभीच आहे.

परंतु मजुरी आणि नफ्यातील वाटा या दोन भिन्न गोष्टी आहेत. केलेल्या कामाची मजुरी धंदा बुडाला तरी देणे लागते, मजुराचा घाम सुकण्यापूर्वी ती देण्याची प्रेषित (स.) यांची शिकवण आहे. मुदारबतमध्ये मात्र एकाचे भांडवल व दुसऱ्याचे श्रम असतात. नफा ठरल्या प्रमाणात वाटला जातो. तोटा झाल्यास भांडवलदाराचे धन जाते आणि श्रम करणाऱ्याचे श्रम वाया जातात. त्याने हयगय किंवा लबाडी केली असल्यास भरपाईही त्याच्यावर येते.

आपल्या किनाऱ्यावरील मच्छीमारांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. वाट्याने चालणाऱ्या नौकेवर आधी खर्च वजा होतो, मग वाटे पडतात. तांडेलाचा वाटा खलाशाहून मोठा असतो. पण जाळे रिकामे आले तर तोही रिकाम्या हातानेच घरी जातो.

म्हणून संकटकाळी थांबून प्रामाणिकपणे काम करणाऱ्याला योग्य वेतन अवश्य मिळावे. पण नफाच नसताना बक्षीस घेणे म्हणजे सावकारांच्या व कामगारांच्या हक्कातून घेणे होय. अमानत तिच्या हक्कदारांना पोहोचवावी, असा सूरह निसाचा (४:५८) आदेश आहे. कराराचा कागद परक्याची अमानत आपली करू शकत नाही.

हा प्रश्न दूरच्या कंपनीपुरता नाही. दुकान, संस्था, जमातीचा निधी, जे काही आपल्या हाती असेल, त्यात तूट आली की सर्वप्रथम कोणाचा वाटा कमी होतो? कारभाऱ्याचा, की नोकराचा? आखिरतमध्ये प्रत्येकाला त्याच्या जबाबदारीविषयी विचारले जाणार आहे. त्या हिशेबाची तयारी आजच्या हिशेबवहीतच करावी लागते.