सोबत निघण्याचा प्रश्न

२५ एप्रिल २०१५च्या भूकंपानंतर धंतोलीतल्या आमच्या गल्लीचा नेपाळी चौकीदार गावी निघाला. रक्सौलहून वीरगंज, पुढे मिळेल त्या गाडीनं. मीही येतो म्हणालो. नेपाळला जाताना आपल्याला व्हिसा लागत नाही. म्हणजे ‘कशाला आलात?’ हे आपणच आपल्याला विचारायचं. धंतोलीत पावलोपावली दवाखाने, पण मी डॉक्टर नाही. (ढिगारा उपसायला माझी पन्नाशीची कंबर काय कामाची?) तिथं मी त्यांचंच पाणी पिणार, त्यांच्याच ताडपत्रीखाली जागा अडवणार. जाऊन बघावं ही ओढ करुणेची होती की कुतूहलाची, मला अजून सांगता येत नाही. माझ्या तिकिटाचे पैसे त्याच्या हातावर ठेवले. तो म्हणाला, “साब, आप नहीं आ रहे?”