सोन्याला कोंडा नसतो

एका ठिकाणी दिलेली आज्ञा दुसऱ्या ठिकाणी पाळायची वेळ आली की निष्ठावंतापुढे पेच उभा राहतो. ती अक्षरशः पाळावी, तर नव्या जागी निरर्थक होण्याची भीती. जागेप्रमाणे बदलावी, तर मूळ आज्ञाच सोडल्याचा ठपका. या पेचाचा आपल्याकडे सर्वांत कसून विचार पूर्वमीमांसेने केला, आणि तोही अगदी व्यवहारी कारणासाठी. दर्शपूर्णमासासारख्या यागांचे विधी वेदात सविस्तर सांगितले आहेत, ते प्रकृतियाग. इतर कित्येक याग मात्र एखाद्या वाक्यात उरकले आहेत. ते विकृतियाग, आणि त्यांचे तपशील प्रकृतीवरून आणायचे. मीमांसासूत्रकार जैमिनीच्या बारा अध्यायांपैकी सातवा आणि आठवा या आणण्याला, म्हणजे अतिदेशाला, दिलेले आहेत. पण अग्नीसाठी हविर्द्रव्य काढताना म्हणायचा मंत्र सूर्याच्या यागात आणला, तर त्यात अग्नीचं नाव तसंच ठेवायचं का? नाही, तिथे सूर्याचं नाव घालायचं. हा ऊह, नवव्या अध्यायाचा विषय. दहाव्यात बाध, म्हणजे निरर्थक झालेला तपशील गाळणं, येतो आणि त्याचं एक उदाहरण फारच मासलेवाईक आहे. दीर्घायुष्यासाठी सांगितलेल्या एका इष्टीत धान्याऐवजी सोन्याचे शंभर बारीक तुकडे, कृष्णलं, तुपात शिजवायचे असतात. प्रकृतीत भात कांडून घेतात. मग सोनंही कांडायचं का? मीमांसक म्हणतो, कांडणं कोंडा काढण्यासाठी होतं. सोन्याला कोंडा नसतो. तेव्हा कांडण गळालं.

हा खल आज कुणाच्या कामाचा, असं ज्याला वाटतं त्याने लिनक्सच्या गाभ्यातलं, म्हणजे कर्नलमधलं, बॅकपोर्टचं (नवी दुरुस्ती जुन्या आवृत्तीत नेण्याचं) काम पाहावं. कर्नलची मुख्य शाखा साधारण नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती काढत पुढे जाते. जग मात्र जुन्या आवृत्त्यांवर चालतं. रेड हॅटच्या सातव्या एंटरप्राइझ आवृत्तीतलं कर्नल 3.10 हे मुळात जून 2013 मधलं. त्यात दुरुस्त्या भरण्याचं नियमित काम जून 2024 पर्यंत चालू होतं. नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये आज सापडलेली चूक त्या जुन्या कर्नलमध्येही असू शकते. पण आज लिहिलेली दुरुस्ती आजच्या कर्नलच्या अंतर्गत रचनेला धरून असते, आणि ती रचना स्थिर ठेवायची नाही हे लिनक्सवाल्यांचं जाणूनबुजून ठरलेलं धोरण आहे. म्हणून दुरुस्ती मागे न्यावी लागते. इथे प्रकृती नवी आणि विकृती जुनी, हा उलटा क्रम खटकायला नको. मीमांसेतही प्रकृती म्हणजे काळाने आधीची नव्हे, तर जिथे विधी संपूर्ण सांगितला आहे ती. माझं म्हणणं एवढंच की मागे नेलेली दुरुस्ती ‘तीच’ आहे की नाही, हे तिच्या ओळी किती जुळतात यावर ठरत नाही. तिच्यातली प्रत्येक ओळ कशासाठी होती हे जाणून तो हेतू नव्या जागी पुरा केला असेल, तरच ती तीच.

एक नमुना जवळून पाहू. ड्रायव्हर काढून टाकताना त्याची मेमरी मोकळी करायची असते. त्या ड्रायव्हरने लावलेला एखादा टायमर अजून चालू असेल, तर तो वाजेल तेव्हा मोकळ्या झालेल्या मेमरीला हात घालेल. कर्नल 6.2 मध्ये यासाठी timer_shutdown_sync हे नवं फंक्शन आलं: ते टायमर थांबवतं आणि तो पुन्हा लावण्याची वाटही बंद करतं. ही दुरुस्ती ज्या जुन्या कर्नलमध्ये न्यायची तिथे हे फंक्शन नसेल, तर त्याच्या जागी जुनं del_timer_sync लिहिण्याचा मोह होतो. नाव बदललं, कोड कंपाइल झाला, चाचणीही पार पडली. पण जुनं फंक्शन टायमर फक्त थांबवतं. मागे रांगेत असलेलं एखादं काम टायमर पुन्हा लावू शकतं, आणि मूळ चूक जशीच्या तशी परत येते. अग्नीच्या जागी सूर्य म्हणण्याइतकं हे सोपं नसतं. हेतू ‘थांबव’ एवढाच होता की ‘थांबव आणि पुन्हा लागू देऊ नकोस’, हे ज्याने पाहिलं तो आधी रांगेतलं काम रद्द करण्याची व्यवस्था लावेल आणि मगच टायमर थांबवेल. त्याचा पॅच (दुरुस्तीचा कोड) मूळ पॅचसारखा दिसणार नाही, तरी अधिक इमानदार तोच.

उलट बाजूचा पुरावा 2023 च्या अखेरीला मिळाला. तो ड्रायव्हरमधला नाही, एक्स्ट-4 या फाइल-सिस्टिममधला आहे, पण न्याय तोच. मुख्य शाखेतली एक दुरुस्ती जुन्या 6.1 आवृत्तीच्या 6.1.64 मध्ये जशीच्या तशी उतरवली गेली. मुख्य शाखेत ती अचूकच होती. मात्र फाइलमधली लिहिण्याची जागा कोणत्या टप्प्यावर पुढे सरकवायची, हा क्रम तिथे त्याआधीच एका निराळ्या बदलाने बदलला होता, आणि तो बदल 6.1 मध्ये गेलेलाच नव्हता. परिणामी काही प्रकारच्या लिखाणात फाइली बिघडण्याचा धोका निर्माण झाला. डेबियन या लिनक्स वितरणाने आपली 12.3 ही आवृत्ती रोखून धरली आणि डिसेंबरात थेट 12.4 काढली. अक्षराला काडीचाही धक्का लागला नव्हता. सोनं कांडलं गेलं होतं.

यावर सरळ आक्षेप येईल: हेतूच्या नावाखाली काहीही बदलण्याची मुभा मिळाली, तर मूळ आज्ञेचा अधिकार उरला कुठे? आक्षेप खरा आहे, आणि दोन्हीकडे त्यावर केलेला बंदोबस्त विलक्षण सारखा आहे. पहिलं, जिथे मूळच नाही तिथे ऊह नाही. निघालेल्या आवृत्त्यांना दुरुस्त्या पुरवणाऱ्या, 2005 पासून चालू असलेल्या स्टेबल शाखेचा पहिला दंडकच असा की पॅच किंवा त्याच्याशी समतुल्य बदल आधी मुख्य शाखेत असला पाहिजे. शिवाय तो शंभर ओळींहून मोठा नको. दुसरं, हेतू संपला म्हणून सगळंच गळत नाही. सोनं शिजवूनही काही मऊ होत नाही, तरी ते शिजवायचं, कारण विकृतीतच तशी स्पष्ट आज्ञा आहे. जुन्या कर्नलचीही स्वतःची वचनं असतात. रेड हॅट काही ठरावीक अंतर्गत इंटरफेस एका आवृत्तीच्या आयुष्यभर न बदलण्याची हमी देते. त्यामुळे दुरुस्तीला एखाद्या रचनेत नवं फील्ड हवं असलं, तरी बॅकपोर्ट करणाऱ्याला त्या रचनेची मांडणी मोडता येत नाही. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जैमिनीच्या मते ऊहाने घातलेला शब्द मंत्र नव्हे. कर्माला तो आवश्यक, पण वेदात पठित नसल्यामुळे मंत्राची प्रतिष्ठा त्याला नाही. बॅकपोर्ट केलेल्या पॅचवर वरच्या शाखेतल्या मूळ बदलाची ओळख लिहितात, आपण काय बदललं ते खाली नोंदवतात आणि त्याखाली आपली सही करतात. मूळ लेखकाचं नाव तसंच राहतं, पण बदललेल्या शब्दाची जबाबदारी त्याच्या माथी मारली जात नाही.

दुसरा आक्षेप तत्त्वज्ञाच्या तोंडी शोभेल. मीमांसकाचा वेद अपौरुषेय, त्याला कर्ता नाही, म्हणून हेतू वाक्यांतूनच शोधणं भाग होतं. पॅचला कर्ता आहे, त्याला विचारावं! जरूर विचारावं, पण उत्तराची फार आशा धरू नये. त्याने 6.8 साठी लिहिताना 4.19 चा विचार केलेला नसतो, आणि जी परिस्थिती त्याच्या मनातच नव्हती तिच्याविषयी त्याचा अभिप्राय म्हणजे आणखी एका वाचकाचा तर्क. जाणकार वाचकाचा, हे मान्य. लिहून झालेल्या आज्ञेपुढे तिचा कर्ताही बराचसा मीमांसकाच्याच बाकावर येऊन बसतो. यंत्रांचं तर सोडूनच द्या. स्टेबलसाठी योग्य पॅच हुडकायला मशीन लर्निंग वापरलं गेलं आहे, आणि कॉक्सिनेलसारखं साधन शेकडो ठिकाणचा एकसाची बदल बिनचूक करतं. ही निवड आणि लेखनिकी आहे, मोठ्या कामाची आहे. पण पॅच अडखळला नाही म्हणजे तो लागू पडला, असं मात्र यंत्र सांगू शकत नाही.

राहता राहिला सर्वांत रोखठोक आक्षेप: जुनं कर्नल सोडा, नवं घाला, म्हणजे ही मीमांसाच नको. खुद्द कर्नलवाल्यांपैकी अनेकांचं हेच मत आहे, आणि त्यांची दमछाक समजण्यासारखी आहे. दीर्घ मुदतीच्या काही आवृत्त्या सहा वर्षं सांभाळल्यावर 2023 मध्ये ती मुदत पुन्हा दोन वर्षांवर आणायचं ठरलं. मोबाइलला किंवा घरच्या संगणकाला हा सल्ला ठीक. पण वीजकेंद्राच्या नियंत्रणात किंवा रेल्वेच्या यंत्रणेत बसलेल्या उपकरणाची संपूर्ण तपासणी एका ठरावीक कर्नलसह झालेली असते, आणि नवं कर्नल घालायचं म्हणजे ती तपासणी पहिल्यापासून. याच गरजेपोटी 2016 मध्ये सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म उभा राहिला. सीमेन्स, तोशिबा, हिताची यांसारख्या कंपन्या त्यात आल्या आणि त्यांनी 4.4 ही आवृत्ती दहा वर्षं सांभाळण्याचं पत्करलं. मूळ स्टेबल शाखेने ती फेब्रुवारी 2022 मध्येच सोडली. त्यानंतर 4.4 पर्यंत येणारी प्रत्येक दुरुस्ती जास्त लांबून येते, मधे बदललेली फंक्शनं वाढत जातात, आणि कोणत्या ओळीला इथे कोंडाच नाही हे ओळखू शकणारी माणसं दरवर्षी कमी होतात. सोडा म्हणणाऱ्यांच्या बाजूने खरा मुद्दा आहे तो हा. पण तो मुद्दा माणसांच्या तुटवड्याचा आहे. दहा वर्षांचं वचन देऊन बसलेल्याची त्यातून सुटका होत नाही.