उलटा ठसा आणि अपरिग्रह

छापखान्यातील जुने ब्लॉक, त्यांतही आगीचे बंब आणि रुग्णवाहिका यांची चित्रे असलेलेच ब्लॉक जमवण्याचा नाद मला कित्येक वर्षांपासून आहे. आणि ते ज्या कपाटात आहेत त्याच्याच वरच्या फळीवर व्यासभाष्यासह पातंजल योगसूत्रे असल्यामुळे, ठसा काढण्यासाठी हात पुढे केला की ‘अपरिग्रह’ हा शब्द मला अडवतो. मिळवण्याचे कष्ट, राखण्याची विवंचना, नाशाचे दुःख, आसक्ती आणि हिंसा हे विषयांतील पाच दोष ओळखून त्यांचा स्वीकार न करणे, असा त्याचा अर्थ भाष्यकार सांगतात. पैकी पहिले चार माझ्या संग्रहाला लागू आहेत, हे मला मान्य केलेच पाहिजे.

त्यांतला एक ठसा मला विशेष प्रिय आहे. तळहाताएवढा जस्ताचा पत्रा बारीक चुका मारून लाकडी ठोकळ्यावर बसवलेला, आणि दोहोंची मिळून उंची छापखान्यातील खिळ्याइतकी, म्हणजे ०.९१८ इंच. चित्र दोन घोड्यांनी ओढलेल्या वाफेच्या बंबाचे. अलीकडच्या घोड्याचा पुढचा खूर छपाईने झिजून सपाट झालेला. लंडनमध्ये ब्रेथवेट आणि एरिक्सन यांनी १८२९ साली असा पहिला बंब बांधला, आणि पोटात आग पेटवून दुसऱ्याची आग विझवण्यास धावणारे हे यंत्र जगात आले. ते चित्र धातूवर उमटले तेही दाहातूनच : रेषांवर संरक्षक लेप राहू देऊन पत्रा शोऱ्याच्या तेजाबात सोडायचा, आणि तेजाबाने उरलेले जस्त खाल्ले की जे उंच राहते तेवढेच शाई घेते.

ठशावरील अक्षरे मात्र उलटी असतात. ती सुलट वाचली जातात कागदावर, म्हणजे ठशाच्या स्वतःच्या अंगावर कधीच नाही. आजच्या रुग्णवाहिकेच्या कपाळावरची अक्षरेही अशीच उलटी लिहितात, कारण ती पुढच्या गाडीच्या आरशात वाचायची असतात. जी वस्तू घडतानाच दुसऱ्याच्या दृष्टीसाठी घडली, तिच्यावर मालकीहक्क सांगायचा तो कोणत्या आधारावर, हा प्रश्न मला त्या पाच दोषांहून अधिक कठीण वाटतो.

बंबाचेही तसेच आहे. सरकारी दप्तरात तो नगरपालिकेचा जिन्नस असेल, पण त्याच्यावरचा खरा हक्क ज्याचे घर पेटले त्याचा. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत कापूस आणि दारूगोळा एकत्र भरलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली, तेव्हा पाण्याचा मारा करीत उभे असलेले जवान स्फोटात सापडले. अग्निशमन दलाचे ६६ जण त्या दिवशी गेले, आणि म्हणून १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. त्या जवानांच्या वाहनाचे चित्र मखमलीत गुंडाळून कुलपात ठेवणे मला दिवसेंदिवस अवघड होत गेले.

पुष्कळ विचारांती माझा निर्णय असा झाला की, परिग्रह हा ताब्यात नसून वहिवाट बंद पाडण्यात आहे. छापला जाणारा ठसा माझ्याकडे केवळ ठेव म्हणून असतो. न छापला जाणारा मी बळकावलेला असतो. भाष्यकारांना हा अर्थ मान्य होईल असा माझा दावा नाही, कारण त्यांनी संन्यस्त साधक डोळ्यांपुढे ठेवला होता आणि मी गृहस्थ आहे. पण तेव्हापासून दर १४ एप्रिलला मी हातयंत्रावर घोड्यांचा तो बंब छापतो आणि आळीतील मुलांना एकेक कागद देतो. खूर दरवर्षी थोडा अधिक पुसट उमटतो.

बंद पडलेल्या छापखान्यांतले ब्लॉक आजही जस्ताच्या भावाने तराजूत पडतात आणि त्यांचे लाकूड चुलीत जाते. तुमच्या ओळखीचा एखादा जुना छापखाना मोडीत निघत असेल, तर पत्रा भंगारात टाकण्यापूर्वी त्याच्यावर शाईचा रूळ फिरवून निदान एक कागद तरी उमटवून घ्या.