अफूची गोळी आणि तुळशीची माळ



माळ घालताना आपण काय कबूल करतो? मद्य-मांस सोडू, व्यसनाला शिवणार नाही, एकादशी धरू, वारी चुकवणार नाही. आता अशा माळकऱ्याला कर्करोग झाला, तो हाडांत उतरला आणि डॉक्टरांनी वेदनेसाठी मॉर्फिन लिहून दिले, तर? मॉर्फिन अफूपासून होते. त्याने ते घ्यावे का?

हा प्रश्न मला आमच्या दिंडीच्या विणेकरीबुवांनी अंथरुणावरून विचारला. गोळ्यांची पट्टी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर तशीच पडली होती. मी कीर्तन करतो म्हणून त्यांनी माझा शब्द मागितला आणि मी चटकन बोलून गेलो, "बुवा, प्रारब्धाचा भोग आहे, भोगूनच सरतो. नामात राहा." किती बरे वाटते हे बोलायला! बोलणारा निरोगी असला की जास्तच.

चार दिवसांनी परत गेलो, तेव्हा हरिपाठाची वेळ झाली होती. चाळीस वर्षे ज्यांचा हरिपाठ चुकला नाही, त्यांना एक अभंग पुरा होईना. कूस बदलली की शब्द तुटायचा आणि नामाऐवजी कण्हणे यायचे. ओसरीवर त्यांची सून मला म्हणाली, "महाराज, मागच्या वारीत सासवडला तुमची दाढ दुखत होती, तेव्हा गोळी मागून घेतलीत ना? तो भोग नव्हता का?"

मला उत्तर आले नाही. अजूनही आलेले नाही.

माउली, तुम्हीच आठवून पाहा. दिवे घाट चढून आल्यावर कुणी अनोळखी माणूस आपले पाय मांडीवर घेऊन तेल चोळतो. डॉक्टरांची पथके फोडांवर पट्ट्या बांधतात. "हे फोड तुझ्या प्रारब्धाचे आहेत, तुझे तू भोग," असे त्या वाटेवर कुणी कुणाला म्हटलेले मी ऐकले नाही. नाथमहाराजांनी रामेश्वराला न्यायचे गंगाजल तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात घातले. आधी त्याच्या कर्माचा हिशेब मांडला नाही. भोगाचा विचार माणसाने स्वतःच्या दुःखापुरता करावा, त्यातून त्याला बळ येत असेल तर जरूर करावा. दुसऱ्याच्या दुःखाला तोच विचार लावला की त्याचा दगड होतो. मी बुवांच्या छातीवर तो ठेवून आलो होतो.

राहिला माळेचा प्रश्न. आपण नशा सोडतो ती का? नशा मन पळवते आणि पळालेले मन नामाला लागत नाही, म्हणून. पण असह्य वेदनाही मनच पळवते. तिच्यापुढे ना विठ्ठल दिसतो, ना लेकरू. मग ती वेदना उतरवून मन जागेवर आणणारे औषध माळेच्या विरुद्ध कसे? (गळ्यात माळ आणि कनवटीला तंबाखूची पुडी बाळगणारेही या गोळीला अफू म्हणून नाक मुरडतात, हेही पाहिले आहे.)

या औषधाविषयीची भीती बरीचशी ऐकीव असते. आपला देह स्वतःही वेदना शमवणारी द्रव्ये तयार करतो. ती मेंदूत आणि मज्जारज्जूत ज्या जागी बसतात, तिथेच मॉर्फिन बसते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी जी पद्धत सांगितली, तिचे सूत्र सोपे आहे. शक्यतो तोंडाने आणि घड्याळाप्रमाणे औषध द्यायचे. साधी गोळी चार-चार तासांनी घेतात. वेदना उसळायची वाट पाहायची नाही. सुरुवातीला झापड येते, मळमळते, ते बहुधा काही दिवसांत कमी होते. बद्धकोष्ठ मात्र राहते, म्हणून सोबत पोट साफ होण्याचे औषध लागते. देहाला त्याची सवय होते, तेव्हा ते एकदम बंद करायचे नाही. पण देहाची सवय वेगळी आणि व्यसनाची हाव वेगळी. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेपुरते औषध घेणाऱ्यात अशी हाव क्वचितच दिसते. "मॉर्फिन सुरू केले म्हणजे संपले" हेही खरे नाही, योग्य मात्रेत ते मरण ओढून आणत नाही. मात्रा मात्र आपल्या मनाने वाढवू नये, आणि गोळ्या लेकरांच्या हाती लागू देऊ नयेत.

आपल्याच देशात मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, आणि तरी आपलीच माणसे वेदनेने तळमळत जातात. १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्याने परवाने इतके अवघड केले की अनेक रुग्णालयांनी हे औषध ठेवणेच सोडले. २०१४ साली कायदा सुधारला, पण आजही ते प्रत्येक दुकानात मिळत नाही. म्हणून रुग्णालयात "पॅलिएटिव्ह केअर" कुठे आहे, असे स्पष्ट विचारावे. पुण्यात वारज्याला सिप्लाचे असे केंद्र १९९७ पासून आहे, तिथे पैसे घेत नाहीत. केरळात कोझिकोडला १९९३ मध्ये काही डॉक्टरांनी हे काम सुरू केले आणि पुढे गावोगावचे साधे लोक शिकून रुग्णांच्या घरी जाऊ लागले. ते वाचले तेव्हा मला आपली दिंडी आठवली. वारीत आपण एकमेकांना माउली म्हणतो. उरलेले अकरा महिने आपल्या दिंडीतले कोण अंथरुणाला खिळले आहे, हे आपल्याला ठाऊक असते का?

कुणी सारे समजून घेऊन "मला गोळी नको" म्हणाला, तर तो त्याचा अधिकार आहे. पण त्याला तसे म्हणायला आपण लावू नये. मी लावले होते, म्हणून बुवांपाशी बसून माझा शब्द मागे घेतला. ते बराच वेळ माळ चाचपत राहिले. मग सुनेकडे पाहून म्हणाले, "आण."

दोन दिवस ते झोपूनच होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी टाळ मागितले. हातात धरवेनात, तेव्हा उशाशी ठेवून घेतले. हरिपाठ सुरू झाला आणि मध्येच त्यांनी मला थांबवले. "महाराज, चाल फार पळते आहे. जरा सावकाश."