हाती कुदळ, मनात देश

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला बाबा आमटे यांनी 1967मध्ये श्रमसंस्कार छावणी सुरू केली. मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात कॉलेजची मुलंमुली तिथं जमतात. सकाळी कुदळ-फावडं चालवतात, हातोहात घमेली पुढे सरकवतात आणि नंतर देशापुढच्या प्रश्नांवर मनमोकळं बोलतात.

गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 1969मध्ये, अशीच श्रमातून शिकवणारी राष्ट्रीय सेवा योजना 37 विद्यापीठांत सुरू झाली. तिच्यात स्वयंसेवक दोन वर्षांत 240 तास काम करतो, सात दिवस गावात शिबिराला राहतो. पाणीटंचाई पुस्तकात वाचणं वेगळं आणि तलावातला गाळ उपसताना उमजणं वेगळं.

प्रवेशाच्या धावपळीत विद्यार्थ्यांनी या योजनेत नाव जरूर नोंदवावं. अठरा वर्षं पूर्ण झाली असतील, तर मतदार नोंदणीचा नमुना 6सुद्धा त्याच आठवड्यात भरून टाकावा.